काना, मात्रा आणि आपले हसू

बुद्धपौर्णिमेला चार दिवस राहिले होते. आमच्या वस्तीतल्या विहारासाठी छापलेला फ्लेक्स आला आणि कार्यकर्त्यांनी तो ओट्यावर पसरला. मध्ये तथागतांची मूर्ती, उजव्या हाताला बाबासाहेब, खाली ओळीने चोवीस कार्यकर्त्यांचे चेहरे. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, नावाखाली पद. सगळे वाकून आपापला फोटो पाहत होते. एवढ्यात सातवीतली एक मुलगी गर्दीतून पुढे आली, तिने फलकावर बोट ठेवले आणि म्हणाली, "काका, बुद्ध चुकलाय."

ओटा एकदम गप्प झाला. एका ज्येष्ठ उपासकांना राग आला. "बाळ, बुद्ध कसा चुकेल? चुकतो तो माणूस."

"तेच म्हणते मी, आजोबा. माणसांनी चुकवलाय."

फलकावर मोठ्या अक्षरांत होते, ‘बुध्द पोर्णिमेच्या हार्दीक शुभेच्छा’. चार शब्दांत तीन चुका! चोवीस जणांनी आपले चेहरे तपासले होते, बुद्ध मात्र कुणीच तपासला नव्हता. आणि वाचकहो, मजकूर पाहून देण्याचे काम आमच्याकडे होते. कारकून म्हणजे लिहिणारा माणूस, अशी वस्तीची समजूत. आम्हीही आधी आपलेच नाव पाहिले होते. त्या मुलीकडे आम्ही पाहिले, तिने आमच्याकडे पाहिले, आणि मग आम्हालाच हसू फुटले. पाठोपाठ सगळा ओटा हसला. रागावलेले आजोबा सर्वांत जास्त हसले.

घरी येताना मनात विचार आला. शुद्धलेखनाच्या चुकीवरून लोक हसले, आणि तरी आम्हाला वाईट वाटले नाही, असे आयुष्यात पहिल्यांदाच घडले होते.

कारण आमचा पूर्वीचा अनुभव निराळा आहे. शाळेत असताना आम्ही ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘आणि’ला ‘आनि’ म्हणत असू. घरी आई तेच म्हणायची, आजी तेच म्हणायची, त्यामुळे त्यात काही चुकते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. एकदा धडा वाचताना एका गुरुजींनी मध्येच थांबवले, तोच शब्द आमच्याकडून चार वेळा म्हणवून घेतला आणि वर्गाला म्हणाले, "यांच्या वस्तीत असेच बोलतात." वर्ग हसला. त्यानंतर दहावी होईपर्यंत आम्ही वर्गात हात वर केला नाही. पुढे वाणिज्य शाखा घेतली त्याला इतर कारणे होतीच, पण एक कारण हेही होते की आकड्यांना ऱ्हस्व-दीर्घ नसते. जमाखर्चात ‘न’ की ‘ण’ असे कुणी विचारत नाही.

म्हणजे हसण्याचे दोन प्रकार झाले. एक हसणे वर्गातले, माणसाला खाली बसवणारे. दुसरे ओट्यावरचे, सगळ्यांना एका पंगतीत बसवणारे. व्याकरणाच्या बाबतीत आपल्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या पहिलेच हसणे आले. खुद्द महात्मा फुल्यांनाही ते चुकले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. जोतीराव शेतकऱ्याच्या उपासमारीबद्दल काय सांगतात ते राहिले बाजूला. विचाराला उत्तर नसले की ऱ्हस्व-दीर्घ मोजायला घ्यायचे, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

मग व्याकरणाशी आमची दोस्ती झाली कशी? एका विनोदी पुस्तकामुळे.

कचेरीतल्या एका मित्राने ते वाचायला दिले. लिन ट्रस नावाच्या इंग्रज लेखिकेचे ‘ईट्स, शूट्स अँड लीव्ज’, २००३ साली आलेले. विषय काय, तर विरामचिन्हे! स्वल्पविराम, पूर्णविराम, अर्धविराम यांवर अख्खे पुस्तक, आणि ते इंग्लंडात धडाधड खपले. आमचे इंग्रजी बेताचे, म्हणून शेजारी कोश घेऊन बसलो. रात्री एकटेच हसतो आहोत असे पाहून सौ.ने दोनदा आत येऊन चौकशी केली.

पुस्तकाच्या नावातच एक विनोद आहे. पांडा हा चीनमधला अस्वलासारखा प्राणी, बांबूचे कोंब आणि पाने खाऊन राहणारा. तो एकदा हॉटेलात जातो, खातो, बंदूक काढून गोळी झाडतो आणि चालू लागतो. घाबरलेला वेटर विचारतो, हे काय? पांडा त्याच्यापुढे प्राण्यांची माहिती देणारे एक पुस्तक टाकतो आणि म्हणतो, माझ्याबद्दल यात काय लिहिले आहे ते वाच. इंग्रजीत ‘शूट्स’ म्हणजे कोंब आणि ‘शूट्स’ म्हणजे गोळी झाडतो; ‘लीव्ज’ म्हणजे पाने आणि ‘लीव्ज’ म्हणजे निघून जातो. लिहिणाऱ्याला म्हणायचे होते, पांडा कोंब आणि पाने खातो. पण एक स्वल्पविराम जास्तीचा पडला आणि गरीब शाकाहारी प्राणी दरोडेखोर झाला.

याच पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेने आम्हाला दुसरा धक्का दिला. ते अर्पण केले आहे १९०५ सालच्या रशियातल्या संपकरी छापखाना-कामगारांना. त्या काळी खिळे जुळवणाऱ्या कामगारांना अक्षरे मोजून मजुरी मिळे. मॉस्कोतल्या सितीन यांच्या मोठ्या छापखान्यातल्या कामगारांनी मागणी केली की अक्षरांसारखेच विरामचिन्हांचेही पैसे द्या. बरोबरच आहे. स्वल्पविराम काय आपोआप उभा राहतो? तोही हातानेच लावावा लागतो. या मागणीवरून संप झाला, तो इतर छापखान्यांत पसरला, मग रेल्वेत, मग देशभर. ऑक्टोबरमध्ये झारला नमते घेऊन नागरी हक्कांचा आणि निवडून येणाऱ्या प्रतिनिधिगृहाचा जाहीरनामा काढावा लागला. स्वल्पविरामाच्या मजुरीवरून सिंहासन हादरले! ज्या चिन्हाला आम्ही शाळेत घाबरत होतो ते कामगाराच्या घामाचे चिन्ह आहे, हे कळल्यावर त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

मग आम्ही मराठीत शोध सुरू केला. आपल्याकडे ही चिन्हे कुठून आली? जुन्या पोथ्यांत एक दंड किंवा दोन दंड, एवढाच काय तो थांबा. मोडी लिपीत तर शब्दाशब्दांत जागाही सोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नसत. तरी मोठमोठे राज्यकारभार त्याच कागदांवर चालले. इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हे मराठीत रूढ केली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने. विरामचिन्हांवरची त्याची पुस्तिका १८५० सालची. म्हणजे ज्या स्वल्पविरामावरून आपल्याला ‘संस्कार नाहीत’ असे ऐकवले जाते, तो कुणाच्याच वाडवडिलांनी ठेवलेला नाही. तो साहेबाबरोबर आला आणि सगळ्यांच्या घरी एकाच वेळी आला.

मराठी व्याकरणाचे पाणिनी म्हणून ज्यांना मान मिळाला ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले. पण शाळेत आम्हाला हे कुणी सांगितले नव्हते की याच दादोबांनी १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा काढली, आणि ती सभा जातिभेद मोडण्यासाठी होती. सभासद होताना इतर जातिधर्माच्या माणसाच्या हातचे खावे लागे. दादोबांचा आपल्या जिल्ह्याशीही संबंध आला. १८५२ मध्ये ते नगरला डेप्युटी कलेक्टर होते. इथल्या भिल्लांचे बंड मोडल्याबद्दल त्यांना रावबहादूर किताब मिळाला, हे वाचून मात्र मन खट्टू झाले. माणूस एका हाताने जात मोडतो आणि दुसऱ्या हाताने भिल्लांना दडपतो. व्याकरणात यालाच उभयान्वयी अव्यय म्हणत असावेत!

आणि आता खरी मेजवानी. ‘चिमणराव’ कुणाला ठाऊक नाही? चिमणराव, काऊ, मोरू आणि गुंड्याभाऊ यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवले. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पाहिलेले वाचक अजून पुष्कळ असतील. या चिमणरावाचे जनक चिंतामण विनायक जोशी, जन्म १८९२, मृत्यू १९६३. ते पोटापाण्यासाठी काय करत होते? बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत होते! ते धर्मानंद कोसंबींचे विद्यार्थी. पाली शिकणाऱ्यांसाठी त्यांनी इंग्रजीत ‘मॅन्युअल ऑफ पाली’ लिहिले, ते १९१६ साली आले. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी त्यांनी एका अट्ठकथेचे तीन भागांत संपादन केले, आणि जातकातल्या गोष्टी मराठीत आणल्या. म्हणजे ज्या हातांनी चिमणरावाची फजिती लिहिली त्याच हातांनी पालीच्या विभक्ती समजावून दिल्या. विनोद आणि व्याकरण एकाच डोक्यात सुखाने नांदू शकतात, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

बाबासाहेबांचेच पाहा ना. घटना, अर्थशास्त्र, कायदा यांचे डोंगर उपसत असताना ते पालीचे व्याकरण आणि शब्दकोश रचत होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेत सोळाव्या खंडात ते काम प्रसिद्ध केले आहे. जाडजूड ग्रंथ आहे. आपल्या घरात तो खंड असेल तर नुसता कपाटात ठेवू नका, एकदा उघडून पाहा. ज्याच्या पूर्वजांच्या कानावर अक्षर पडू नये असा बंदोबस्त होता, तो माणूस एका भाषेचे व्याकरण रचतो.

एकूण, व्याकरण ही कुणा एकाची वतनदारी नाही. आपल्या काळातल्या मराठी व्याकरणाच्या ठळक नावांपैकी एक यास्मिन शेख. १९२५ साली नाशकात जन्म, ज्यू कुटुंबातल्या, लग्नानंतर शेख झाल्या. त्यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ कितीतरी संपादकांच्या टेबलावर असतो. दुसरे अरुण फडके. त्यांची ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ ही पुस्तिका नावाप्रमाणेच खिशात मावते. ती विनोदी नाही, पण आमच्या फजितीच्या वेळी ती बरोबर असती तर फ्लेक्सचे पैसे वाचले असते, आणि हा विनोद काही कमी नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक केले. रविवारी सायंकाळी वंदनेनंतर विहारात अर्धा तास ‘हसत हसत व्याकरण’ ठेवले. पहिल्या रविवारी नऊ मुले आणि दोन आया आल्या. फळ्यावर आम्ही हिंदीतले जुने वाक्य लिहिले, ‘रोको मत जाने दो’. एका मुलाने ‘रोको’नंतर स्वल्पविराम दिला, माणूस अडकला. दुसऱ्याने ‘मत’नंतर दिला, माणूस सुटला. मग आम्ही ‘ध’चा ‘मा’ सांगितला. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. दंतकथा अशी की त्याला ‘धरावे’ असा हुकूम होता, कुणी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झाले. एक मुलगा म्हणाला, "काका, शुद्धलेखन चुकलं म्हणून पेशवाई बुडाली का?" म्हटले, "नाही रे, ती बुडण्याची कारणे दुसरी होती, आणि त्यांतले एक भीमा कोरेगावला उभे आहे."

त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार. महापरिनिर्वाण दिनाच्या फलकावर ‘दीन’ छापले तर बाबासाहेबांनी जन्मभर जो शब्द आपल्या कपाळावरून पुसला तोच आपण पुन्हा छापतो. ‘पीक’ शेतात येते, ‘पिक’ झाडावर बसून गातो, कारण पिक म्हणजे कोकिळ. तेव्हा ‘पिक कर्ज’ म्हणजे कोकिळाला दिलेले कर्ज. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. एका आईने लगेच सांगितले, "मग आमचा सुत सुतासारखा सरळ का नाही?" विहारात असा हशा झाला की शेजारचे लोक दारात येऊन उभे राहिले. पुढच्या रविवारी मुले सतरा झाली.

‘बुद्ध’ कसा लिहायचा तेही त्यात आले. आधी अर्धा द, मग पूर्ण ध. तोंडाने म्हणून पाहा, द् अडतो आणि ध सुटतो. ‘ध्द’ हे उलटे अक्षर नीट म्हणताच येत नाही. बौद्ध, सिद्धार्थ, श्रद्धा, वृद्ध, युद्ध, सगळीकडे तोच नियम. गंमत म्हणजे ‘शुद्ध’ हा शब्दच बहुतेक लोक ‘शुध्द’ असा अशुद्ध लिहितात.

इथवर हसण्याचे झाले. पण वाचकहो, एका स्वल्पविरामाने आपल्या समाजाचे काय केले, तेही मुलांना सांगायला हवे.

अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० सालचा. त्यात सुरुवातीला फक्त हिंदू धर्म होता. १९५६ मध्ये ‘हिंदू किंवा शीख’ झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, आणि केंद्राच्या कागदावर बौद्ध त्या वाक्याच्या बाहेर राहिले. महाराष्ट्रात राज्याच्या सवलती मिळत होत्या, पण केंद्राच्या नोकरीचा अर्ज भरताना आपल्या वडीलधाऱ्यांपुढे तोच पेच असे. धर्म खरा लिहावा तर सवलत जाते, सवलत घ्यावी तर धर्म लपवावा लागतो. १९९० साली ती दुरुस्ती झाली. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर झाले एवढेच, की ‘हिंदू’नंतरचा ‘किंवा’ निघाला, तिथे एक स्वल्पविराम आला आणि वाक्य झाले ‘हिंदू, शीख किंवा बौद्ध’. या एका स्वल्पविरामासाठी आपण ३४ वर्षे थांबलो. दुसऱ्या दिवशी मुलांनी वहीत हे वाक्य लिहिले तेव्हा तो स्वल्पविराम त्यांनी लाल शाईने काढला.

सगळ्यांनाच असा स्वल्पविराम मिळत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. त्या दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम हवा की नको, गोंड आणि गोवारी वेगळे की एक, हा वाद वर्षानुवर्षे चालला. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. त्यांत बाया होत्या, लेकरे होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवारींचा दावा मान्य केला नाही. निकालावर आम्ही काही बोलत नाही. पण दोन शब्दांमधल्या एका चिन्हाच्या जागेत ११४ माणसे उभी आहेत, हे विसरून ‘काय त्या काना-मात्रेचे’ असे कुणी म्हणू नये.

काना तर बाबासाहेबांच्या नावातही हरवला होता. उत्तर भारतात ‘अंबेडकर’ असे लिहीत आले. २०१८ साली उत्तर प्रदेश सरकारने आदेश काढून कागदोपत्री नाव ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असे केले. तेव्हाचे राज्यपाल राम नाईक यांनी राज्यघटनेच्या हिंदी प्रतीवरच्या बाबासाहेबांच्या सहीचा दाखला दिला होता. ‘रामजी’ शब्दावरून त्या वेळी राजकारण झाले. ते काही असो, सहीत जो काना बाबासाहेबांनी स्वतः दिला तो कुणी गाळू नये.

आता एक गोष्ट आम्हाला सांगितलीच पाहिजे. ती हसण्याची नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ आले. अकोले तालुक्यातून, पहाटेच्या एसटीने. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. एका कागदावर त्यांच्या वडिलांचे नाव ‘बाळू’ होते, दुसऱ्यावर ‘बाळु’. उकार एकीकडे दीर्घ, दुसरीकडे ऱ्हस्व. आम्ही चष्मा सारखा केला आणि म्हणालो, "नाव जुळत नाही. प्रतिज्ञापत्र करून आणा." ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सायेब, बाप तर एकच व्हता माझा. तुमच्या दोन कागदांनी त्याचे दोन केले."

नियमाने आमचे बरोबर होते. तोंडी खुलासा लिहून घेऊन काम करता आले असते, हेही आम्हाला ठाऊक होते. तरी अर्ज परत केला. ते आठ दिवसांनी पुन्हा आले, दोन दिवसांची मजुरी बुडवून, प्रतिज्ञापत्राचे पैसे भरून. काम झाले. जाताना त्यांनी ‘जयभीम’ म्हटले, आणि त्या जयभीमला उत्तर देताना आमची मान वर झाली नाही. शाळेत ज्या छडीने आम्हाला मारले तीच छडी आमच्या हाती आली, आणि आम्ही ती आपल्याच माणसावर चालवली. गुरुजी आणि आम्ही यांच्यात फरक काय राहिला?

याचे उत्तर आम्हाला शेवटी विनयपिटकात सापडले. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भाऊ, आवाज गोड, वाणी संस्कारलेली. ते तथागतांकडे तक्रार घेऊन गेले की नाना जातींचे, नाना कुळांचे लोक संघात आले आहेत आणि आपापल्या बोलीत बोलून ते बुद्धवचन बिघडवतात; तेव्हा आम्ही ते छंदस्‌मध्ये, म्हणजे वेदांच्या धर्तीच्या भाषेत बांधतो. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली. असे करण्यास मनाई केली आणि बुद्धवचन आपल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी ‘यांच्या वस्तीत असेच बोलतात’ ही तक्रार तथागतांपुढे गेली होती, आणि त्यांनी ती फेटाळली होती. आमच्या वर्गात त्या दिवशी ते हजर असते तर!

पालीकडे पाहा. संस्कृतात श, ष, स असे तीन. पालीत एक ‘स’ पुरतो, म्हणून आपण ‘सरणं’ म्हणतो. धर्माचा धम्म झाला, कर्माचे कम्म झाले. डोक्यावरचा रफार पालीने उतरवून ठेवला, कारण डोक्यावर ओझे वाहण्याची सवय तिला मोडायची होती! आणि आपला मराठी ‘ळ’ पालीतही आहे, वेळुवन आठवा. सम्राट अशोकाच्या लुंबिनीच्या स्तंभावर तर ‘बुद्ध’ हे नाव ‘बुध’ असे कोरले आहे, कारण त्या काळी ब्राह्मीत जोडाक्षराचे द्वित्व लिहीत नसत. म्हणजे आमच्या फ्लेक्सवाल्याने निदान ‘द’ तरी लिहिला होता.

नियमही बदलत असतात. ‘बहिष्कृत भारत’चे १९२७ चे अंक काढून पाहा, त्यांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार दिसतील. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मग काय आजच्या नियमाने बाबासाहेबांना लाल शाई लावायची? आपल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. १९७८ साली त्यांचे आत्मकथन आले, ‘बलुतं’. ‘बलुते’ नव्हे, ‘बलुतं’. गावच्या बोलीतला तो डोक्यावरचा टिंब त्यांनी मुखपृष्ठावर दिला आणि मराठी वाङ्मयाला तो मान्य करावा लागला. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. संस्कृतात शब्द ‘अहल्या’ आहे, पण मराठी जिभेवर ‘अहिल्या’ रुळले आणि तेच पाटीवर चढले. शेवटी राज्य जिभेचेच.

मग शुद्धलेखन शिकायचेच कशाला, असे कुणी विचारील. शिकायचे, दोन कारणांसाठी. एक, लिहिलेले दूरच्या अनोळखी माणसालाही तसेच कळावे म्हणून. तो समोर नसतो, त्याला आपला आवाज ऐकू येत नाही, आवाजाचे काम काना-मात्रा आणि स्वल्पविराम करतात. दोन, पलीकडच्या टेबलावर आमच्यासारखा कुणी चष्मा सारखा करून बसलेला असेल, त्याला निमित्त मिळू नये म्हणून. पण शिकलेल्याने ते ज्ञान दुसऱ्याच्या जिभेवर छडीसारखे वापरायचे नाही. आपल्या आजीच्या ‘पानी’ने आपली तहान भागली आहे.

तेव्हा प्रत्येक विहारात एक शुद्धलेखनकोश असावा. जयंतीचा, लग्नपत्रिकेचा, शोकसभेचा मजकूर छापायला देण्यापूर्वी वस्तीतल्या एखाद्या शाळकरी मुलीला दाखवावा. तिने चूक काढली तर रागावू नये, तिला चॉकलेट द्यावे. आणि घरातले सगळे दाखले एका रविवारी एकत्र काढून नावे जुळवून पाहावीत. दाखल्यावर ‘सिध्दार्थ’ आणि आधार कार्डावर ‘सिद्धार्थ’ असेल तर आजच दुरुस्तीचा अर्ज करावा, अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत.

आमच्या टेबलावर आता कुणी आले आणि उकार जुळत नसला, तर आम्ही आधी खुर्ची देतो. मग विचारतो, "बाप एकच ना?" समोरचा माणूस हसतो, आम्हीही हसतो, आणि खुलाशाचा कागद आम्हीच लिहायला घेतो.

आणि तो फलक? नवा छापायला पैसे नव्हते. त्या मुलीने पांढऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने ‘द्ध’ काढला आणि चिकटवला. पौर्णिमेच्या दिवशी चोवीस चेहऱ्यांच्या वर तेवढे एक अक्षर वाकडे, मोठे आणि बरोबर होते.

जयभीम.